कायक, कला आणि दासोह



मठात दर्शनाला येणारे भक्त पूर्वी मुलीचे लग्न, शेतावरचा पाऊस, घरातले दुखणे यांविषयी विचारीत. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. शिकलेला तरुण विचारतो, "स्वामीजी, पोटापुरते मिळते आहे, पण मी जन्माला येऊन केले काय?" नोकरीतून निवृत्त झालेले गुरुजी विचारतात, "आता माझा उपयोग काय?" मुले पुण्याला, हैदराबादला गेली, घर मोकळे झाले, म्हणून माउली विचारते, "आता मी कोणासाठी उठायचे?" वय वेगळे, शब्द वेगळे, पण प्रश्न एकच आहे. या आयुष्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे उत्तर बाराव्या शतकात आपल्याच भूमीत, कल्याणनगरीत दिले गेले. भालकी, हुमनाबाद, आळंद, औराद येथल्या भक्तांना बसवकल्याण म्हणजे एसटीच्या प्रवासाचे अंतर. पण तेथे जाऊन दर्शन घेणे वेगळे आणि तेथे सांगितलेले ऐकणे वेगळे. वचने आपण नित्य म्हणतो. आज ती म्हणण्याऐवजी ज्या शरणांनी ती रचली, त्यांच्या हातांकडे पाहू.

पहिली गोष्ट अशी की शरणांची नावेच त्यांच्या कामावरून पडली आहेत. नुलिय चंदय्या दोर वळणारा. अंबिगर चौडय्या नाव वल्हविणारा. मडिवाळ माचय्या कपडे धुणारा. जेडर दासिमय्या विणकर. तो मुदनूरचा, म्हणजे आजच्या यादगीर जिल्ह्यातला, आपला शेजारीच. बहुरूपी चौडय्या सोंगे घेऊन लोकांपुढे खेळ करणारा. किन्नरी बोम्मय्या किन्नरी हे तंतुवाद्य वाजविणारा. सत्यक्का रस्ता झाडणारी. या सर्वांना शरणपरंपरेत एकच आसन होते आणि वचन रचण्याचा एकच अधिकार होता. तीसहून अधिक शरणींची वचने आज उपलब्ध आहेत. त्या काळी जगात इतरत्र झाडूवाली, विणकर, नावाडी यांना कोणी लेखणी दिली होती काय, याचा विचार करावा.

शरणांनी या कामाला कायक म्हटले. 'काय' म्हणजे देह. देहाने झिजून करायचे ते कायक. परंतु देहाने केलेले प्रत्येक काम कायक होत नाही. चोरही रात्रभर देह झिजवितो. शरणांनी कायकाला काही अटी घातल्या. ते आपल्या कष्टाचे असावे. त्याने कोणाचे अहित होऊ नये. ते मन लावून, शुद्ध भावाने करावे. आणि त्यातून जे येईल ते आधी समाजाला, म्हणजे जंगमाला अर्पून मग उरलेले प्रसाद म्हणून घ्यावे. या चारही गोष्टी जुळल्या की काम हीच पूजा होते, आणि कैलास शोधायला दुसरीकडे जावे लागत नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. काही विद्वान म्हणतात, कायक म्हणजे ज्याने त्याने वाडवडिलांचा धंदा करावा, एवढेच. हे शरणमत नव्हे. मोळिगे मारय्या हा काश्मीरचा राजा होता, असे परंपरा सांगते. तो राज्य सोडून कल्याणास आला आणि लाकडाच्या मोळ्या विकू लागला. कन्नडमधले 'मोळिगे' म्हणजे आपली मराठी मोळीच. बोम्मय्या सोनार होता, त्याने हाती किन्नरी घेतली. अल्लमप्रभू शून्यसिंहासनाचे अधिपती होण्यापूर्वी देवळात मद्दळे वाजवीत होते, असे हरिहर कवीने लिहिले आहे. स्वतः बसवण्णा ब्राह्मण कुळात जन्मले आणि बिज्जळाच्या राज्यात भांडारी झाले. यांपैकी कोणीही जन्माने मिळालेल्या कामाला चिकटून बसले नाही. कायक हे जन्माने चिकटत नाही, ते निवडावे लागते. आपल्या हातात काय आहे, मन कशात रमते आणि आपल्या भोवतीच्या लोकांना कशाची गरज आहे, या तिन्हींचा मेळ जेथे बसतो तेथे आपले कायक असते. प्रयोजन आकाशातून उतरत नाही. ते काम करता करता सापडते. न पोहता पाण्याची खोली कोणाला कळत नाही, तसेच हे आहे.

आता बीदरचेच एक उदाहरण घेऊ. बिदरी काम आपण सर्वांनी पाहिले आहे. काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी, पानदानावर चांदीची फुले. बहामनी सुलतानांच्या काळापासून हे काम आपल्या गावात चालत आले आहे आणि गावाचेच नाव त्याला मिळाले आहे. 2006 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देऊन राष्ट्राने या कलेचा गौरव केला. त्यांनी ही कला आपल्या वडिलांकडून घेतली.

हे काम कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. जस्त आणि तांबे एकत्र वितळवितात. साधारण 16 भाग जस्त, 1 भाग तांबे. वाळूच्या साच्यात ओतून भांडे घडवितात. कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचूद लावून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरायची रेघ स्पष्ट दिसावी. बारीक छिन्नीने नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. पुन्हा घासतात. या वेळी भांडे करडे आणि चांदी पांढरी; दोन्ही इतकी जवळची की नक्षी धड ओळखू येत नाही. कारागिराचे सर्व कष्ट त्यात आहेत, पण ते दिसत नाहीत. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणतात; जुन्या वास्तूंच्या आत, ऊन-पाऊस न लागलेल्या जागची. ती नवसागरासह पाण्यात उकळून भांड्याला लावतात. जस्ताचा धातू काळा पडतो, चांदीला मात्र काही होत नाही. मग नक्षी उजळून दिसते.

भक्तहो, या मातीला बाजारात मोल नाही. किल्ल्यात कित्येक पिढ्या ती पायाखालीच होती. कोणीतरी ती हाताने चोळून, निरखून, वापरून पाहिली तेव्हा तिचा गुण कळला. आपल्यातही असे काही पडून असते. आपण म्हणतो, "मला काय येते? काहीच नाही." ज्या आजीने आयुष्यभर जुन्या लुगड्यांची कौदी शिवली, जिच्या टाक्यांची ओळ दोरीने आखल्यासारखी सरळ जाते, तीही म्हणते, "मला काही येत नाही." ज्या शेतकऱ्याला तुरीच्या शेंगेकडे पाहून अळीचा अंदाज येतो, तोही म्हणतो, "मी अडाणी माणूस." हा विनय वाटतो, पण त्यात तोटा आहे. आपल्यापाशी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो देणार काय?

म्हणून बिदरीकडून आणखी एक धडा घ्यावा. ही कला सहाशे वर्षांच्या आसपास टिकली ती संग्रहालयातल्या काचेच्या कपाटामुळे नव्हे. भांडी कपाटात राहतात, कला हातात राहते. आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच ती उरते. एका पिढीने पुढच्या पिढीला शेजारी बसवून छिन्नी धरायला शिकविले नाही, तर पद्मश्रीचे पदक राहील आणि बिदरी जाईल.

येथे आम्ही दासोहाकडे येतो. दासोह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंगत येते. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी अन्नदासोहाची जी परंपरा घातली, तिने लाखो भुकेल्यांना जेवू घातले. पिकात आलेल्या पाखरांनाही त्यांनी हाकलले नाही, ही कथा आपली पोरेबाळे जाणतात. अन्नदासोह थोर आहेच. पण शरणांनी दासोह तीन प्रकारचा सांगितला: तनाचा, मनाचा आणि धनाचा. आपण धनाचा दासोह करतो, पावती घेतो आणि घरी जातो. तनाचा आणि मनाचा दासोह राहून जातो. माणसाच्या अंगची कला ही तन आणि मन दोहोंची मिळून झालेली असते. म्हणून कला शिकविणे हा तन-मनाचा एकत्र दासोह आहे.

शब्दाकडे पाहा. 'सोऽहम्' म्हणजे तो परमात्मा मी आहे. शरणांनी त्याच्या आधी 'दा' हे एक अक्षर जोडले: 'दासोऽहम्', मी दास आहे. सोऽहम् म्हणणाऱ्याच्या मनात अहंकार शिरण्याची वाट राहते. दासोऽहम् म्हणणाऱ्याची ती वाट बंद होते. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला घेणाऱ्याचा सेवक मानतो. गायनाचा गुरू शिष्याला शिकवितो तेव्हा "मी याला घडविले" असे म्हटले की ते दान झाले. "याच्यामुळे माझे गाणे पुढे गेले" असे म्हटले की तो दासोह झाला.

आमच्या भागात एक समजूत आहे. झाडपाल्याचे औषध जाणणारा म्हातारा ते कोणाला सांगत नाही. सांगितले की औषधाचा गुण जातो, असे तो म्हणतो. मग एके दिवशी म्हातारा जातो आणि औषधही त्याच्याबरोबर समाधीत जाते. गुण सांगण्याने जात नाही, न सांगण्याने जातो. विद्या दिल्याने वाढते हे संस्कृत सुभाषितकारांनी कितीतरी वेळा सांगितले आहे. तरीही सुतार आपले माप पुतण्याला दाखवीत नाही, स्वयंपाकीण मसाल्याचे प्रमाण सुनेला सांगत नाही, कारण मनात भीती असते: दुसऱ्याला आले तर माझी किंमत काय राहील? या भीतीपोटी किती हुन्नर मातीत गेले, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

ज्यांनी ही भीती ठेवली नाही, त्यांचे चरित्र पाहा. पंचाक्षरी गवई 1892 साली जन्मले. त्यांना दृष्टी नव्हती. त्या काळी गरीब घरच्या अंध मुलापुढे भिक्षेची वाटी यापलीकडे मार्ग दिसत नसे. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांचा कंठ ओळखला आणि त्यांना संगीत शिकण्याची सोय करून दिली. कर्नाटक आणि हिंदुस्तानी या दोन्ही पद्धती त्यांनी आत्मसात केल्या. एवढ्यावर थांबून ते कीर्ती मिळवू शकले असते. त्यांनी अंध, अनाथ, गरीब मुले जमविली आणि त्यांना गाणे शिकविले. कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा हे विचारले नाही. त्यांच्या हाताखाली बसवराज राजगुरूंसारखे गायक तयार झाले. गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम ही त्यांच्या दासोहाची पुण्याई. 1944 साली ते लिंगैक्य झाले, तेव्हा आश्रमाचा भार ज्यांनी घेतला ते पुट्टराज गवईही अंधच. पुट्टराजांनी 2010 पर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, तोच दीप तेवत ठेवला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ते लिंगैक्य झाले. डोळस माणसांनी आपल्या प्रयोजनाविषयी विचारावे तेव्हा या दोघा गुरुशिष्यांचे स्मरण करावे.

दुसरे चरित्र फ. गु. हळकट्टी यांचे. 1880 साली धारवाडला जन्म, विजापुरात वकिली. वकिलीने त्यांचे घर उत्तम चालले असते. पण घरोघरी पूजेत पडलेल्या ताडपत्रांत वचने आहेत, लोक त्यांना हळदकुंकू वाहतात आणि वाचीत मात्र कोणी नाही, हे त्यांनी पाहिले. गावोगाव फिरून त्यांनी पोथ्या मिळविल्या, ताडून पाहिल्या, 1923 साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले, 1925 मध्ये छापखाना घातला, 1926 पासून 'शिवानुभव' नियतकालिक चालविले. त्यापायी घरची शिल्लक संपली. 1964 साली ते गेले तेव्हा त्यांच्यापाशी संपत्ती नव्हती. आपण आज वचने वाचतो, या मासिकात त्यांवर चर्चा करतो, ती त्यांच्या कष्टांची फळे आहेत. वकिली हे त्यांचे पोटाचे काम होते; वचनांचा संग्रह हे कायक होते. ज्याची नोकरी मनासारखी नाही, त्याने निराश होण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आणि आपल्या मराठीपुरते बोलायचे तर कपिलधारचे मन्मथस्वामी आहेतच. त्यांनी शिवतत्त्व मराठीत आणले. 'परमरहस्य' त्यांनी मराठीत लिहिले नसते, तर सीमेच्या या बाजूच्या आणि त्या बाजूच्या कितीतरी घरांत हे ज्ञान पोहोचलेच नसते. ज्याला दोन भाषा येतात त्याच्यावर दासोहाचे दुहेरी कर्तव्य असते, हे आपल्या सीमाभागाने विसरू नये.

कलेला दोन शत्रू आहेत: एक लोभ, दुसरा टाळ्या. आयदक्की मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचीत असे आणि त्यावर जंगमसेवा चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहिले आणि विचारले, हे गरजेचे आहे की हावेचे? तिने ते परत ठेवून यायला लावले. हाच मारय्या अनुभवमंटपातल्या चर्चेत रमून गेला, तेव्हा तुझे कायक थांबले आहे, अशी जाणीव त्याला लक्कम्मानेच दिली. एकाच घरात तिने दोन्ही शत्रू ओळखले. जास्त मिळविण्याची हाव कायक बिघडविते आणि नुसत्या गोड बोलण्यात रमणे कायक बुडविते. आज ज्याचा गळा गोड आहे तो भजनात बसतो, पण मोबाइल समोर धरून. भजन शिवासाठी चालले आहे की लोकांनी पाहावे म्हणून, हे ज्याचे त्याने लक्कम्माला साक्षी ठेवून विचारावे.

आता एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. "स्वामीजी, कला वाटायची म्हणता, पण कारागिराचे पोट?" याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. दासोह म्हणजे फुकट राबणे नव्हे, आणि दुसऱ्याला फुकट राबविणे तर मुळीच नव्हे. चंदय्या दोर वळून बाजारात विकीत असे आणि मोल घेत असे. रास्त मोलापेक्षा जास्त आले तेव्हा त्याने ते परत करायला लावले, अशी कथा आहे. म्हणजे शरणांना कमी मोलही मान्य नव्हते आणि जास्तही नव्हते. आपण मात्र गवंडी, रंगारी, वाजंत्री यांना जत्रेच्या नावाने बोलावतो आणि "देवाची सेवा आहे" म्हणून त्यांची मजुरी कापतो. सेवा ज्याची त्याने आपण होऊन करायची असते, दुसऱ्याच्या घामावर आपण पुण्य मिळवायचे नसते. कारागिराची मजुरी बुडविणाऱ्याने कितीही पंगती घातल्या तरी तो दासोह होत नाही. मठांनीही, कार्यकर्त्यांनीही, हे आधी पाळावे.

मग करावे काय? आम्ही चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, इष्टलिंगपूजेनंतर थोडा वेळ बसून स्वतःला विचारा: कोणते काम करताना मला वेळेचे भान राहत नाही, आणि लोक कोणत्या कामासाठी माझ्याकडे येतात? दोन्ही उत्तरे जेथे जुळतील तेथे आपले कायक आहे.

दोन, ते काम आणखी चांगले करायला शिका. आहे तेवढ्यावर समाधान मानू नका. ओबडधोबड काम लिंगाला अर्पण करायचे नसते.

तीन, वर्षात निदान एका माणसाला ते शिकवा. तो आपल्या घरचा, आपल्या जातीचा असलाच पाहिजे असे नाही. अनुभवमंटपाने ते विचारले नाही, आपणही विचारू नये. निवृत्त गुरुजींनी गावातल्या चार मुलांना गणित सांगावे, सरकारी अर्ज भरून द्यावेत. आजीने नातीला आणि नातीच्या मैत्रिणीलाही कौदीचा टाका दाखवावा. हार्मोनियम येणाऱ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ मठाच्या ओसरीवर बसावे. जागा आणि दिवा मठ देईल.

चार, शिकविल्यावर विसरून जा. शिष्याने आपले नाव घेतले नाही म्हणून रुसू नका. बिदरीच्या सुरईवर नक्षी दिसते, माती दिसत नाही. त्या मातीने आपले काम केलेले असते.

ज्या घरात एखादे हुन्नर आहे आणि ते जाणणारा माणूस म्हातारा झाला आहे, त्या घरच्या तरुणांना आमचे विशेष सांगणे आहे. या दिवाळीला गावी याल तेव्हा फराळ करून, फोटो काढून परतू नका. त्यांच्या शेजारी दोन दिवस बसा. हातात हत्यार घ्या, चुका, त्यांना हसू द्या, पुन्हा करा. पुढच्या दिवाळीला शिकविणारा हात असेलच, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

आयुष्याचे प्रयोजन विचारणाऱ्याला शरणांचे उत्तर एवढेच आहे: हाताला काम दे, कामाला शिवभाव दे आणि जे हातात आले ते दुसऱ्याच्या हातात दे. महात्मा बसवेश्वर आपल्या सर्वांच्या हातून कायक आणि दासोह घडवून घेवोत.

शरणु शरणार्थी.